अर्ध्या आण्यामागचा हात

टपालाचे तिकीट ही इतक्या परिचयाची वस्तू आहे की, तिच्याकडे निरखून पाहावे असे सहसा कुणाला वाटत नाही. पत्र हाती येताच आपण अक्षर ओळखतो, मजकूर वाचतो, आणि तिकीट घरातल्या एखाद्या छांदिष्ट मुलासाठी बाजूला ठेवतो. आज आम्ही आपणांपुढे असेच एक तिकीट ठेवणार आहोत. ते १८५४ सालचे आहे, अर्ध्या आण्याचे आणि निळे. त्याच्या कडेला दाते नाहीत, पाठीला डिंक नाही. मध्ये व्हिक्टोरिया राणीचे मुख आणि दोन्ही बाजूंस कमानींची नक्षी, एवढाच त्याचा थाट.

सिंधचे कमिशनर बार्टल फ्रियर यांनी १८५२ साली आपल्या प्रांतापुरती तिकिटे काढली होती. पण साऱ्या हिंदुस्थानासाठी तिकिटे आली ती डलहौसीच्या कारकिर्दीत, १८५४ साली. तोवर टपालाचा आकार अंतरावर ठरे. नव्या कायद्याने अंतराचा हिशेब संपला आणि वजनाचा सुरू झाला. पाव तोळ्यापर्यंतचे पत्र जवळ जावो की दूर, अर्धा आणा पुरे. ही क्रांती लहान नव्हती. परंतु त्यासाठी तिकिटे हवीत, आणि तीही लाखांनी. कलकत्त्याच्या टांकसाळीतील प्रयत्न वेळेत फळाला येईनात, तेव्हा सर्व्हे खात्याचे कॅप्टन थुलियर यांनी ते काम अंगावर घेतले. नकाशे ज्या शिळाछाप पद्धतीने निघत, तिनेच तिकिटे काढावीत असे ठरले.

पहिली छपाई हिंगुळी रंगाची होती. तिच्या नक्षीत साडेनऊ कमानी होत्या. इंग्लंडहून आलेला रंग संपला आणि इथला रंग दगडावरील आकृतीच बिघडवू लागला. म्हणून ती तिकिटे विक्रीस न येताच राहिली. मग आठ कमानींची नवी आकृती निळ्या शाईत छापण्यात आली. राजधानीचा बेत रंगाच्या एका डब्यापाशी अडतो, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये.

आता पाहण्याच्या साधनाविषयी. डिजिटल मायक्रोस्कोपमध्ये नळीला डोळा लावावा लागत नाही. भिंगामागे लहानसा कॅमेरा असतो, भोवती दिव्यांचे कडे असते, आणि दृश्य संगणकाच्या पडद्यावर उमटते. दोन प्रतींची चित्रे शेजारी ठेवून ताडता येतात, हा त्याचा मोठा लाभ. मोजमाप करावयाचे तर प्रथम मिलिमीटरची पट्टी त्याच उंचीवर ठेवून माप बसवून घ्यावे. खोक्यावर छापलेल्या पटींवर विसंबू नये.

या भिंगाखाली छपाईची जात कळते. खिळ्याच्या छपाईत दाबामुळे शाई रेषेच्या काठाशी सरकून दाट होते. शिळाछपाईत ती सपाट बसते आणि रेषेची कड किंचित विस्कटलेली दिसते. आधुनिक नक्कल असेल, तर रेषेच्या जागी ठिपक्यांची जाळी दिसून लबाडी तात्काळ उघडी पडते. राणीच्या अंबाड्यातील छायारेषांची दाटी पाहून मूळ ठसा कोणता, हेही ठरवता येते. या तिकिटाचे असे तीन ठसे अभ्यासकांनी मानले आहेत.

मात्र भिंग फसवतेही. एका तिकिटावर राणीच्या गालाशी बारीक रेघ दिसली, तेव्हा नवा प्रकार सापडला म्हणून आम्ही दोन दिवस आनंदात होतो. प्रकाश तिरपा टाकताच ती कागदात रुतलेली तंतूची काडी निघाली! तेव्हापासून आमचा नियम असा की, एका प्रतीवरील खूण ही वार्ता. तीच खूण अनेक प्रतींवर त्याच जागी आढळली, तरच तो पुरावा.

आणि असा पुरावा मिळतो, कारण अर्ध्या आण्याच्या एका तावावर ९६ तिकिटे असत. मूळ ठशाचा छाप विशिष्ट कागदावर घेऊन तो दगडावर ९६ वेळा उतरवावा लागे. प्रत्येक वेळी कुठे रेघ तुटे, कुठे शाई पसरे. ती हाताने दुरुस्त करीत. चार आण्यांच्या दुरंगी तिकिटांत तर दुसऱ्या रंगाच्या वेळी कागद उलट ठेवला गेला आणि राणीचे मस्तकच खाली आले. त्या चुकीच्या प्रती आज जगातील दुर्मिळ तिकिटांत मोडतात.

हे हात कुणाचे? ठसा कोरणाऱ्याचे नाव मुनिरुद्दीन असे सांगतात. पण तिकिटांच्या कॅटलॉगात ते नाव येते तेव्हा वर्णलेखन अनिश्चित असल्याची टीपही सोबत येते. डलहौसीच्या नावातील एक अक्षर कधी चुकले नाही. ज्याने राणीचा चेहरा हिंदुस्थानच्या घराघरात पोचवला, त्याचे नाव मात्र नीट लिहून घेण्याचे कुणाला सुचले नाही. पुढे लवकरच छपाई लंडनच्या डे ला रू कंपनीकडे गेली. ती या देशात परतली १९२६ साली, आमच्या नाशिकरोडला.

संग्राहक ज्यांना प्रकार म्हणतात, त्या आम्हांस या कारागिरांच्या सह्या वाटतात. दप्तराने ज्यांची नोंद घेतली नाही, त्यांनी ती स्वतःच दगडावर करून ठेवली. ती वाचण्याइतके बारीक पाहणे, एवढेच आपल्या हाती आहे.