फवारणीचा पंप आणि ‘औषध’ हा शब्द

आपल्याकडे शेतकरी पिकावर ‘औषध मारतो’. उर्दूत त्याच डब्यांना ‘कीडेमार दवा’ किंवा ‘ज़रई अदवियात’ म्हणतात, म्हणजे तिथेही औषधेच. मी या दोन्ही भाषा शिकवतो. शब्द कुठून आला, काय सांगतो आणि काय लपवतो हे मुलांना समजावून देणे हे माझे रोजचे काम आहे. डब्यात असते ते कीड मारणारे विष, आणि दोन्ही भाषांनी त्याला दवाखान्यातल्या बाटलीचे नाव दिले आहे. हे नाव इतके का रुजले असेल, याचा विचार करताना मला हेमलकसा आठवते.

हेमलकसा हे गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातले माडिया आदिवासींच्या मुलखातले गाव. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हाही नव्हता. तो चंद्रपूरपासून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. पावसाळ्यात या भागाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटत असे. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांत मलेरियाचे रुग्ण फार असत, आणि मेंदूपर्यंत पोचलेला मलेरिया माणसाला पाहता पाहता नेत असे. अशा जंगलपट्ट्यांत सरकारी फवारणीचा पंप येई तो पिकासाठी नव्हे, डासांसाठी. तापाची गोळी आणि भिंतीवरची पांढरी पावडर एकाच खात्याची माणसे घेऊन येत. मग त्या पावडरीला लोक औषध म्हणणार नाहीत तर काय म्हणणार?

ती पावडर म्हणजे डीडीटी. तिचा कीटकनाशक गुण स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात, गायगी कंपनीतल्या पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये शोधला. त्यासाठी त्यांना १९४८ चे नोबेल मिळाले, आणि तेही वैद्यकशास्त्राचे. भारताने १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या लाखाच्या आसपास आली. पुढे डास डीडीटीला सरावले, यंत्रणा सैलावली आणि १९७६ मध्ये रुग्ण पुन्हा ६४ लाखांवर गेले. तरीही फवारणीने लाखो जीव वाचवले, हे नाकारता येत नाही.

ही फवारणी शिस्तीत चाले. पथकात पाच कामगार आणि त्यांच्यावर एक वरिष्ठ कामगार असे. पंप पायाने दाबून धरायचा, त्याचे एक टोक बादलीत. एकाने दट्ट्या मारायचा, दुसऱ्याने नळी धरायची. नोझल भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर, पट्टे वरून खाली, प्रत्येक ५३ सेंटिमीटर रुंद. नोझलमधून मिनिटाला ७४० ते ८५० मिलिलिटर द्रावण पडते की नाही हे मोजायचे. आधी घरातले अन्नपाणी बाहेर काढायला सांगायचे, नंतर भिंतीवर तारीख लिहायची. उणिवा होत्याच. बायाबापड्यांनी घर सारवले की डीडीटी मातीखाली जाई, आणि कामगारांना हातमोजे, मास्क सगळीकडे मिळत असे नाही. पण काम शिकवलेले असे आणि कामावर कोणाची तरी नजर असे.

शेतातल्या पाठीवरच्या पंपाचा जन्म वेगळा आहे. १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये द्राक्षांवर केवडा रोगाने थैमान घातले. बोर्दो येथील मिलार्दे यांनी त्यावर मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण सुचवले. नाशिक-सांगलीचे बागायतदार त्यालाच आजही बोर्डो म्हणतात. ते वेलींवर उडवण्यासाठी व्हर्मोरेल यांच्यासारख्या कारखानदारांनी पाठीवर बांधायचे तांब्याचे पंप बनवले. आजच्या १६ लिटरच्या प्लॅस्टिक पंपाची रचना मुळात तीच आहे: टाकी, दाब देणारा दांडा, नळी, नोझल. बदलले ते टाकीतले द्रावण. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके आली. मज्जातंतूंवर काम करणारी ही रसायने कातडीतूनही शरीरात जातात.

त्यांचा धोका भारताला शेतात कळण्याआधी जेवणात कळला. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या अन्नाने शंभराहून अधिक माणसे मेली. त्यातून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आले. डब्यावरचा चौकोन, त्यातला रंगीत त्रिकोण, प्रादेशिक भाषेतले माहितीपत्रक, फवारणाऱ्यासाठी संरक्षक कपडे, हे सारे तेव्हापासून कागदावर आहे. लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी. त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र नाही.

या कागदाची परीक्षा २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळला झाली. जुलैपासून पुढच्या काही महिन्यांत त्या एका जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. शेकडो रुग्णालयात गेले, काहींची दृष्टी काही काळ गेली. कापूस त्या वर्षी माणसाच्या उंचीपर्यंत वाढला होता आणि दाट होता, म्हणजे फवारा खाली न पडता तोंडावर येत होता. बीटी कापसाला गुलाबी बोंडअळी जुमानत नव्हती, म्हणून दोन-तीन कीटकनाशके एकत्र करून मारली जात होती. बॅटरीवर आणि पेट्रोलवर चालणाऱ्या नव्या पंपांचा फवारा अधिक बारीक होता. त्यात उकाडा आणि घाम. सरकारने चौकशी पथक नेमले, मृतांच्या कुटुंबांना दोन लाख रुपये दिले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. २०२० मध्ये दोन विधवा आणि एक बचावलेला शेतकरी सिंजेंटा कंपनीविरुद्ध बाझलमध्ये दाद मागायला गेले. कंपनीने जबाबदारी नाकारली. शहर तेच, जिथे डीडीटीचा गुण सापडला होता.

हेमलकशाच्या बाजूचे मलेरिया पथक आणि यवतमाळचा मजूर यांना शेजारी ठेवून पाहा. दोघांच्या हातात पंप, दोघांच्या तोंडी ‘औषध’. पहिल्यासोबत प्रमाण, अंतर आणि देखरेख होती. दुसऱ्याला बहुधा कालवलेली टाकी मिळाली आणि पाठीवर घे म्हणून सांगितले गेले. औषधावरचा विश्वास भिंतीवरून शेतात आला, शिस्त मागेच राहिली. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणीच कानावर पडते. इथे तर त्याच घामासोबत विष अंगात जाते, तेव्हा मालकाची जबाबदारी मजुरीवर संपत नाही.

म्हणून ती मागे राहिलेली शिस्त इथे लिहून ठेवतो.

पंप आधी साध्या पाण्याने भरून चालवून पाहा. झाकणाचे आणि नळीचे वायसर जागेवर आहेत का, कुठे गळते का, हे पाठीवर घेण्याआधी बघा. झाकणातून गळणारे थेंब थेट पाठीवर जातात. पट्टे दोन्ही खांद्यांवर नीट बसवा. कीटकनाशक लेबलवरच्या प्रमाणात, मापाने मोजून, उघड्या जागेत बादलीत काठीने कालवा. कधीही हाताने नको. टाकीत आधी निम्मे पाणी, मग जाळीतून द्रावण, मग उरलेले पाणी. टाकी काठोकाठ भरू नका. लेबलवर सांगितले नसेल तर दोन रसायने एकत्र करू नका. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा.

पूर्ण बाह्यांचा सदरा, पँट, रबरी हातमोजे, चष्मा, मास्क, टोपी आणि बूट घाला. पँट बुटांच्या वरून सोडा. तोंडाला बांधलेला ओला रुमाल मास्कचे काम करत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी, वारा हळू असताना फवारा. फवारा आपल्यापासून दूर जाईल असे चाला आणि फवारलेल्या ओळीत शिरू नका. पीक डोक्याएवढे झाले असेल तर पाठीवरचा पंप घेऊन त्यात जाऊच नका. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नका, पाण्याने आणि मऊ ब्रशने साफ करा. मध्ये बिडी, तंबाखू, चहा नाही.

काम झाल्यावर पंप तीनदा धुवा आणि ते पाणी फवारलेल्या शेतातच टाका. नाल्यात नको. भामरागडसारख्या भागात नाल्यातच मासे धरतात आणि तिथलेच पाणी पितात. रिकामा डबा तीनदा धुऊन भोक पाडा, तेल-पाण्याला वापरू नका. साबणाने अंघोळ करा, कपडे वेगळे धुवा.

मळमळ, लाळ, फार घाम, धूसर दिसणे, श्वासाला त्रास यांपैकी काही झाले तर काम थांबवा. कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. दूध पाजण्यात किंवा उलटी करवण्यात वेळ घालवू नका. डब्याचे लेबल सोबत न्या, कारण उपचार रसायनावर ठरतो.

शिक्षक म्हणून माझी एक सूचना आहे. वापरून झालेल्या डब्यांना मुलांनी हात लावू नये, पण न वापरलेले माहितीपत्रक कृषी केंद्रातून सहज मिळते. आठवी-नववीच्या मराठीच्या तासाला ते वाचायला द्यावे. प्रमाण कोणते, त्रिकोण कोणत्या रंगाचा, उतारा काय, एवढे तीन प्रश्न विचारावेत. उर्दू शाळांत हेच पत्रक मुलांकडून उर्दूत सांगून घ्यावे. ज्या घरात बापाला बारीक अक्षर वाचता येत नाही, तिथे हंगामाच्या आधी मुलगी ते वाचून दाखवू शकेल. वाचताना ‘औषध’ हा शब्द आला, तर तिथे ‘विष’ म्हणायला तिला सांगा.