सेव्ह द चिम्प्स

प्रयोगशाळांतून सोडवलेल्या चिंपँझींना आजन्म सांभाळणारी अमेरिकेतील संस्था. स्थापना १९९७, संस्थापक चिंपँझींच्या अभ्यासक कॅरोल नून. आश्रयस्थान फ्लोरिडातील फोर्ट पिअर्स येथे, सुमारे १५० एकरांवर आहे.

अमेरिकी हवाई दलाने १९५० च्या दशकापासून आफ्रिकेतून चिंपँझीची पिल्ले आणली. न्यू मेक्सिकोतील हॉलोमन तळावर त्यांच्यावर अंतराळप्रवासासाठी चाचण्या झाल्या. तिथेच तयार झालेला हॅम हा चिंपँझी १९६१ मध्ये अवकाशात जाऊन जिवंत परतला. या चाचण्यांची गरज संपल्यावर हवाई दल चिंपँझी वैद्यकीय संशोधनासाठी भाड्याने देऊ लागले. पुढे त्यांची मालकी सोडताना त्याने बहुतेक चिंपँझी न्यू मेक्सिकोतीलच अलामोगोर्डोच्या कौल्स्टन फाउंडेशन या प्रयोगशाळेला दिले. प्राणिकल्याण कायदा मोडल्याबद्दल हिच्यावर सरकारी कारवाई झालेली होती, म्हणून हा निर्णय अक्षम्य वाटतो. नून न्यायालयात गेल्या आणि तडजोडीत २१ चिंपँझी त्यांना मिळाले. २००२ मध्ये प्रयोगशाळा आर्थिकदृष्ट्या कोसळली, तेव्हा आर्कस फाउंडेशनच्या मदतीने त्यांनी इमारतींसह २६६ चिंपँझी ताब्यात घेतले.

खरे कष्टाचे काम इथून पुढचे. कित्येक चिंपँझी वर्षानुवर्षे सिमेंटच्या पिंजऱ्यात एकटे राहिले होते. चिंपँझी टोळीने राहतो. अनोळखी नर समोरासमोर आले तर जिवावर बेतू शकते. त्यामुळे एकेकाची ओळख जाळीआडून करून देत, कुणाचे कुणाशी जमते ते पाहत टोळ्या बांधाव्या लागल्या. जमलेली टोळी मग ट्रकने फ्लोरिडाला जाई. शेवटची खेप २०११ मध्ये पोचली. नून २००९ मध्येच वारल्या होत्या.

फोर्ट पिअर्सला प्रत्येकी सुमारे तीन एकरांची बारा बेटे आहेत. चिंपँझींना पोहता येत नाही, म्हणून भोवतीचे पाणीच कुंपणाचे काम करते. आरंभी काहींचे पाऊल गवतावर पडेना; छपराखालून बाहेर यायलाही त्यांना वेळ लागला. आफ्रिकेत परत पाठवणे शक्य नव्हते. बहुतेकांचा जन्म पिंजऱ्यातला, जंगलात अन्न शोधण्याचे शिक्षण नाही, शिवाय प्रयोगांत दिलेल्या कावीळ किंवा एचआयव्हीच्या विषाणूंचा जंगली टोळ्यांना धोका. पिंजऱ्यातल्या आयुष्यांची संख्या वाढू नये म्हणून येथे प्रजनन होऊ देत नाहीत.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने चिंपँझींच्या शरीरात हस्तक्षेप करणाऱ्या संशोधनाला दिलेला आधार २०१५ मध्ये थांबवला. तिच्या मालकीच्या चिंपँझींसाठी लुइझियानात ‘चिंप हेवन’ हे वेगळे आश्रयस्थान आहे. तरी अलामोगोर्डोतच सरकारी केंद्रात उरलेले म्हातारे, आजारी चिंपँझी हलवायचे नाहीत, असे तिने २०१९ मध्ये ठरवले. संघीय न्यायालयाने २०२२ मध्ये हा निर्णय बेकायदा ठरवला.