तीन पुस्तकं झाली, चौथं बाकी

या महिन्यात नांदेडात तीन पुस्तकं मिळाली. अनंत भालेरावांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ रद्दीवाल्याकडून विकत घेतलं. निलंग्याच्या सेतुमाधवराव पगडींचं ‘जीवनसेतू’ मित्राशी अदलाबदल करून आलं. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी सरांकडून उसन्या आणल्या.

भालेराव आणि स्वामीजी लढ्यातले, पगडी निजामाच्या नोकरीतले. तिघांचं शेजारी ठेवून वाचा, एकच काळ वेगळा दिसतो. पण या झाल्या मागाहून लिहिलेल्या आठवणी. 1948 पर्यंतचा सरकारी कारभार उर्दूत चालायचा. पगडींना ती भाषा येत होती, आपल्याला येते का? माझ्या आजोबांचे शाळेचे कागद आज घरात कुणालाच वाचता येत नाहीत.

म्हणून विषय ठरवण्याआधी विचारा : मूळ कागद कोणत्या भाषेत आहेत? मी आता चौथं पुस्तक शोधतोय, उर्दूची पहिली.