सरकारी शाळा, खाजगी शाळा आणि मराठी पालक

मुलाला सरकारी शाळेत घालावे की खाजगी, हा प्रश्न आजचा मराठी पालक बहुधा फी आणि माध्यम यांचा हिशेब मांडून सोडवतो. परंतु महाराष्ट्रात या प्रश्नाला हे रूप येऊन अर्धशतकही झालेले नाही. त्याआधीच्या शंभरएक वर्षांत, युरोपीय मुलांसाठी चालवलेल्या शाळा आणि काही मिशनरी शाळा वगळल्या, तर ‘खाजगी शाळा’ ही बहुतांशी लोकवर्गणीवर आणि सरकारी अनुदानावर चालणारी, सामान्य घरांतील मुलांची शाळा होती. सरकारी आणि खाजगी यांच्यातील रेषा या प्रांतात आरंभापासूनच पुसट राहिली, आणि ती तशी राखण्यात सरकारचाच हात होता.

इंग्रजी अंमल येण्यापूर्वी गावोगाव पंतोजींच्या शाळा भरत. तेथे धुळाक्षरे गिरवणे, मोडी वाचणे, पावकी-निमकी-सवायकीसह पाढे पाठ करणे एवढा अभ्यासक्रम असे आणि पंतोजीला मोबदला धान्याच्या किंवा थोड्या पैशांच्या रूपाने मिळे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष चार्ल्स वुड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धोरणपत्राने, या व्यवस्थेच्या जागी दोन गोष्टी आणल्या: प्रत्येक प्रांतात सरकारी शिक्षणखाते आणि ‘अनुदान’ नावाची पद्धत. खाजगी संस्थेने शाळा काढावी, सरकारी तपासणी मान्य करावी आणि त्या बदल्यात सरकारने खर्चाचा काही भाग उचलावा, असा तो करार होता. त्यामागे दूरदृष्टी होती तशी काटकसरही होती. लोक स्वतः शाळा काढू लागले की सरकारला हळूहळू अंग काढून घेता येईल, हा हेतू खलित्यात लपवलेला नाही. प्राथमिक शाळांसाठी मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर ‘लोकल फंड’ नावाचा जादा कर बसवण्यात आला, आणि हा कर भरणाऱ्या कुणब्याच्या मुलाला शाळेचा लाभ कितपत होतो, हा प्रश्न पुढे वादाचा झाला.

या वादाच्या दोन्ही बाजू एकाच शहरात, जवळजवळ एकाच वेळी, स्पष्ट झाल्या. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे सरकारी हायस्कुलातील शिक्षक होते. पुण्याहून रत्नागिरीला बदली झाल्यानंतर त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि जानेवारी १८८० मध्ये बाळ गंगाधर टिळक व माधवराव नामजोशी यांच्यासह पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. गोपाळ गणेश आगरकर त्यांना लवकरच येऊन मिळाले. सरकारी नोकरी हा सुशिक्षितांच्या आकांक्षेचा शेवटचा टप्पा मानला जात असताना पदवीधरांनी अल्प वेतनावर मास्तरकी पत्करणे, हे पालकांना नवलाचे आणि काहीसे वेडेपणाचेही वाटले असले पाहिजे; तरी त्यांनी मुले तेथे घातली आणि काही वर्षांतच या शाळेचे विद्यार्थी मॅट्रिकच्या परीक्षेत व शंकरशेट शिष्यवृत्तीच्या स्पर्धेत चमकू लागले. १८८२ मध्ये आलेल्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष विल्यम हंटर यांनीही शाळेची स्तुती केली. दोन वर्षांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि ‘आजीव सभासद’, म्हणजे वीस वर्षे संस्थेची सेवा करण्याची प्रतिज्ञा घेतलेला शिक्षक, ही कल्पना महाराष्ट्राच्या शैक्षणिक जीवनात रुजली. खाजगी शाळेविषयी मराठी मध्यमवर्गाला जो आदर आहे, तो येथून आलेला आहे.

त्याच हंटर आयोगापुढे ऑक्टोबर १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्याचा सूर मात्र वेगळा आहे. मुलींसाठी आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी स्वतः खाजगी शाळा चालवलेल्या या माणसाने सरकारने शिक्षणातून माघार घेऊ नये असे सांगितले. तसे झाले तर शिक्षणाचा प्रसार तर खुंटेलच, शिवाय निरनिराळ्या जातिधर्मांच्या लोकांमध्ये सरकारने राखलेली तटस्थताही धोक्यात येईल, ही त्यांची भीती होती. महसुलाचा मोठा भाग रयत भरते आणि त्याचा लाभ वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाला होतो, असा हिशेब मांडून त्यांनी किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करण्याची आणि मोडी, बालबोध, हिशेब यांच्या जोडीला शेती व आरोग्य यांचे ज्ञान देण्याची मागणी केली. न्यू इंग्लिश स्कूलचे यश खरे होते, परंतु ज्या घरांत आधीपासून अक्षरओळख होती त्या घरांचे ते यश होते, आणि फुल्यांचा आक्षेप नेमका तेथेच लागू पडतो. आयोगाने प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे सोपवावे आणि माध्यमिक शिक्षण अनुदानाच्या आधारे खाजगी प्रयत्नांवर सोडावे, सरकारने साधारणतः जिल्ह्याला एक नमुनेदार हायस्कूल चालवावे, अशी शिफारस केली. मराठी मुलखातील शाळांची पुढची रचना पुष्कळ अंशी या शिफारशीतून उभी राहिली.

सरकारी पैसा व सरकारी देखरेख दोन्ही नाकारणारी तिसरी वाटही चोखाळली गेली. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी स्वदेशीच्या काळात तळेगावला समर्थ विद्यालय उभारले. १९१० मध्ये सरकारने ते बंद पाडले. अशा शाळांपासून पालक दूर राहत, त्याला दडपशाहीइतकेच दुसरेही कारण होते: सरकारमान्य परीक्षेचा दाखला नसेल तर नोकरीचे दार उघडत नसे.

फुल्यांच्या मागणीला कायद्याचे रूप आले ते कोल्हापूर संस्थानात. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठरवला. या व्यवस्थेत पालकापुढे निवड अशी नव्हतीच. १९१९ मध्ये भाऊराव पाटील यांनी कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. सर्व जातींच्या मुलांची एकत्र वसतिगृहे आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना यांमुळे ‘खाजगी संस्था’ या शब्दाला पुण्याच्या पेठांबाहेरचा अर्थ मिळाला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या, आणि चौथी किंवा सातवीपर्यंत ‘मराठी शाळा’ व त्यापुढे संस्थेचे हायस्कूल, हा खेड्यातील मुलाचा ठरलेला मार्ग झाला. सरकारी आणि खाजगी या तेथे एकाच जिन्याच्या दोन पायऱ्या होत्या. शिक्षकांचे वेतन सरकार देत होते, नेमणुका संस्थाचालक करत होते, आणि या विभागणीतून जे व्यवहार वाढले ते महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाहीत.

१९८० नंतर सरकारने नव्या शाळांना मान्यता दिली, पण अनुदानाबाबत हात आखडता घेतला. ‘विनाअनुदानित’ हा वर्ग वाढला, पुढे ‘कायम विनाअनुदानित’ हाही प्रकार आला, आणि खर्चाचा भार फीच्या रूपाने पालकावर पडला. देणग्यांच्या तक्रारी इतक्या झाल्या की १९८७ मध्ये राज्याला प्रवेशासाठी देणगी घेण्यास बंदी करणारा कायदा करावा लागला. याच काळात इंग्रजी माध्यमाची ओढ शहरांतून तालुक्यांत पोहोचली. २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला आणि गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकवणाऱ्या ‘सेमी-इंग्रजी’ तुकड्या निघाल्या, परंतु ज्यांना फी परवडत होती असे अनेक पालक तोवर निघून गेले होते. ज्या वर्गाची मुले शाळेत असल्यामुळे शाळेवर गावाचे लक्ष राहते तोच वर्ग निघून जाणे, ही जिल्हा परिषदेच्या शाळेची खरी हानी होय. इमारत गळते की नाही, हा त्या मानाने दुय्यम प्रश्न आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखल्या आणि त्यांच्या फीची प्रतिपूर्ती, म्हणजे भरपाई, सरकारवर टाकली. ही भरपाई थकत गेली, संस्थाचालक कुरकुरू लागले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या बंधनातून सूट दिली. जवळ आपली शाळा आहे, तेव्हा तीच पुरे, असे सरकार येथे म्हणत होते, पण फक्त फी भरू न शकणाऱ्या पालकाला. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्द ठरवला.