शिरेतले मीठपाणी

"डॉक्टर, अशक्तपणा फार वाटतो, एक सलाईन लावून द्या." गावोगावच्या दवाखान्यांत हे वाक्य रोज उच्चारले जाते. महानगरांत तीच बाटली आता जागरणाच्या किंवा मद्यपानाच्या शिणवट्यावर उतारा म्हणून, जीवनसत्त्वे मिसळून, चढ्या दराने विकली जाते. या बाटलीचा जन्म मात्र महामारीत झाला. आजचा धागा त्याविषयी.

१८३१ साली पटकी (कॉलरा) इंग्लंडच्या संडरलँड बंदरात पोहोचली. रुग्ण काही तासांत निळा-काळा पडे, डोळे खोल जात, नाडी हाताला लागत नसे. वैद्य काय करीत? रक्त काढीत! ज्याच्या देहातले पाणी आधीच निघून गेले आहे, त्याचेच रक्त काढायचे. जेमतेम विशी ओलांडलेला विल्यम ओशॉनेसी तेथे गेला, त्याने रुग्णांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण केले आणि सांगितले की रक्तातले पाणी, मीठ व क्षार नाहीसे झाले आहेत. ते परत घालावेत, प्रसंगी थेट शिरेतून.

हे धाडस केले स्कॉटलंडमधील लीथच्या डॉ. थॉमस लाटा यांनी, मे १८३२ मध्ये. पहिली रुग्ण एक वृद्धा होती, मरणाच्या दारात. चांदीची नळी शिरेत घालून लाटा मीठ-सोड्याचे पाणी सोडत राहिले. बराच वेळ काहीच घडेना. मग श्वास मोकळा झाला, नाडी परतली, गार पडलेल्या चेहऱ्यावर तेज आले. अर्ध्या तासात सहा पिंट, म्हणजे सुमारे तीन लिटर, पाणी गेले होते. ती वाचली असे समजून लाटा निघून गेले. जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा दिले गेले नाही, आणि साडेपाच तासांत ती गेली. 'पुन्हा पुन्हा द्यावे लागते' हा धडा लाटांनी तिच्या मृत्यूतून घेतला. पुढच्याच वर्षी क्षयाने त्यांचाही अंत झाला.

उपचार मात्र मागे पडला. जंतूंची कल्पनाच नव्हती, त्यामुळे पाणी उकळून निर्जंतुक करण्याचा प्रश्न कोणाला पडत नव्हता. शिवाय प्रयोग बहुधा मरणासन्नांवरच होत.

ओशॉनेसी पुढे कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला. मुंबई, आग्रा, मद्रास यांना कलकत्त्याशी जोडणारी तारायंत्रे उभारणारा तो हाच! (एका माणसाने किती क्षेत्रांत हात घालावा?)

आजच्या बाटलीवरचा ०.९ टक्के हा आकडा डच शास्त्रज्ञ हॅम्बर्गर यांच्या तांबड्या पेशींवरील प्रयोगांशी जोडला जातो. 'नॉर्मल' हे नाव तसे फसवेच, कारण त्यातील क्लोराइड रक्तातल्यापेक्षा बरेच अधिक असते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही, आणि बाकी पाणी. ज्याला तोंडाने पिता येते, त्याला त्यातून निराळी शक्ती मिळण्याचे कारण नाही.

याची सर्वांत मोठी परीक्षा १९७१ साली बनगाव येथील बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत झाली. पटकीचे थैमान होते, सलाईनचा साठा संपत आला होता. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व सोडा पाण्यात मिसळून पिंपे भरून ठेवली आणि नातेवाइकांनाच ते पाणी पेल्यापेल्याने पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आले.