उच्च परिवलन अवस्था, अणुकेंद्रांतील

वेगाने फिरणाऱ्या अणुकेंद्राच्या, मोठा कोनीय संवेग असलेल्या उत्तेजित अवस्था. अशा अवस्थांत कोनीय संवेग १० पासून ६० ħ (एच-बार) पर्यंतही जातो. पूर्ण गोल केंद्र आख्खेच्या आख्खे फिरले, असे पुंजयामिकीत म्हणताच येत नाही. फिरल्याची खूणच उरत नाही. लांबट किंवा चपटे केंद्र मात्र फिरते आणि गॅमा किरण सोडत पायरी-पायरीने मंदावते. आदर्श परिवलनात या किरणांच्या ऊर्जा समान अंतराने वाढत जातात.

प्रत्यक्ष केंद्र इतके आज्ञाधारक नसते. एर्बियम-१५८ चे गॅमा किरण तळाकडून वर वाचत गेल्यास ऊर्जा १९२, ३३५, ४४३, ५२३, ५७९, ६०८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट अशी चढते. पुढचे दोन आकडे ५१० आणि ४७३. मग ५६६ पासून पुन्हा चढ. किरणाची ऊर्जा फिरण्याच्या वेगाची खूण असते; तेव्हा मधल्या उतारात कोनीय संवेग वाढतो आहे आणि फिरण्याचा वेग मात्र घटतो आहे, म्हणजे निरूढी परिबल एकदम वाढले. हे ‘बॅकबेंडिंग’ स्टॉकहोम येथे जॉन्सन, रीडे व स्टार्कियर यांना १९७१ मध्ये प्रथम दिसले. केंद्रातील न्यूट्रॉन जोड्यांनी राहतात आणि त्यामुळे मंद गतीला निरूढी परिबल घन पदार्थाच्या मानाने बरेच कमी भरते. वेग वाढला की कोरिऑलिस बल एखादी जोडी फोडते आणि दोन्ही न्यूट्रॉनांचे कोनीय संवेग परिवलन-अक्षाच्या दिशेने वळतात, असे स्टीफन्स व सायमन यांनी १९७२ मध्ये दाखवले. १९८६ मध्ये डेर्सबरी येथे पीटर ट्विन यांच्या गटाला डिस्प्रोसियम-१५२ मध्ये सुमारे ६० ħ पर्यंत पोचणारी, सुमारे ४७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या समान अंतराची अतिविरूपित मालिका सापडली. त्या आकाराची लांबी रुंदीच्या जवळपास दुप्पट.

महाराष्ट्रात अशा अवस्थांच्या अभ्यासाचे काम मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात चालते. भाभा अणुसंशोधन केंद्र व ही संस्था यांचा १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन प्रवेगक १९८८ च्या अखेरीस सुरू झाला. धातूच्या गुटिकांची साखळी वीजभार मध्यावरील अग्राकडे वाहून नेते. ऋण आयन वरून खाली खेचले जातात, अग्राशी पातळ पापुद्र्यातून जाताना इलेक्ट्रॉन गमावून धन होतात आणि तेच अग्र त्यांना पुढे ढकलते. एकाच व्होल्टतेचा दोनदा उपयोग करून घेणारी ही युक्ती फार सुरेख आहे. पुढे अतिसंवाहक रेषीय प्रवेगक जोडून झोताची ऊर्जा आणखी वाढवली.

असा आयन लक्ष्यातील केंद्रावर मधोमध न आदळता कडेने आदळला की संयुक्त केंद्र गरगरत जन्मते. ते आधी काही न्यूट्रॉन फेकते आणि उरलेला कोनीय संवेग मुख्यतः गॅमा किरणांवाटे जातो. हे किरण ‘इंगा’ (इंडियन नॅशनल गॅमा अ‍ॅरे) ही शोधकमालिका टिपते. तिच्या प्रत्येक क्लोव्हर शोधकात जर्मेनियमचे चार स्फटिक द्रव नायट्रोजनने थंड राखलेले असतात. पूर्ण मालिकेत असे २४ शोधक बसतात. मुंबई, दिल्ली व कोलकाता येथील प्रवेगकांवर ती आळीपाळीने उभी केली जाते.