हातावेगळे

27 जून 1787 ची रात्र. आजच्या स्वित्झर्लंडमधील लोझान येथे, घराच्या बागेतल्या एका छोट्या बंगलीत एडवर्ड गिबन लिहीत बसला होता. अकरा आणि बाराच्या दरम्यान त्याने ‘रोमन साम्राज्याचा ऱ्हास आणि पतन’ या ग्रंथाची शेवटची ओळ लिहिली, लेखणी खाली ठेवली आणि झाडांनी झाकलेल्या वाटेवर तो येरझारा घालू लागला. समोर सरोवर, पलीकडे डोंगर, पाण्यात चंद्र. सुटल्याचा आनंद झाला, पण तो टिकला नाही. जुना सोबती कायमचा निरोप घेऊन गेला, असे वाटून मन उदास झाले. हे त्यानेच पुढे आत्मवृत्तात नोंदवले आहे.

इतिहासलेखनाच्या इतिहासात हा प्रसंग फार प्रसिद्ध आहे आणि तो बहुधा इथेच संपवला जातो. मला कुतूहल आहे ते 28 जूनच्या सकाळचे. रोमचा इतिहास लिहिण्याची कल्पना गिबनला सुचली ती ऑक्टोबर 1764 मध्ये, रोममध्ये. म्हणजे जवळजवळ तेवीस वर्षे हा विषय त्याच्या उशाशी होता. आता तो पन्नास वर्षांचा होता. पुढे काय?

आपल्याकडे काम संपवण्याला ‘हातावेगळे करणे’ म्हणतात. शब्द नीट पाहिला तर त्यात दोन क्रिया आहेत : काम पुरे होणे आणि ते हातापासून वेगळे होणे. पहिली 27 जूनला झाली. दुसरीही गिबनने लवकरच उरकली. महिन्याभरात हस्तलिखित घेऊन तो स्वतः लंडनला निघाला. हे लेखन लेखक आणि मुद्रक यांच्याखेरीज कोणी पाहिले नव्हते. नक्कल न करता पहिलाच खर्डा छापखान्यात गेला. 1776 च्या पहिल्या खंडाच्या वेळी असे नव्हते. तेव्हा पहिले प्रकरण त्याने तीनदा आणि दुसरे-तिसरे दोनदा लिहिले होते. मधल्या वर्षांत हात सरावला होता, हे खरेच. पण तिकडे प्रकाशक कॅडेल वाट पाहत होता, यंत्र तयार होते, वाचकांना आधीचे तीन खंड ठाऊक होते, हेही तितकेच खरे. अखेरचे तीन खंड 8 मे 1788 रोजी, त्याच्या एक्कावन्नाव्या वाढदिवशी प्रसिद्ध झाले.

त्यानंतरची साडेपाच वर्षे मात्र अर्धवट कामांची आहेत. लोझानला परतल्यावर वर्षभरात, जुलै 1789 मध्ये, ज्याच्यासोबत तो राहत होता तो मित्र जॉर्ज देव्हर्दां वारला. गिबनने ब्रन्सविक घराण्याचा, म्हणजे इंग्लंडच्या तत्कालीन राजघराण्याच्या मुळांचा, इतिहास लिहायला घेतला. साधने जर्मन भाषेत आणि त्याला जर्मन येत नव्हते, काम थांबले. थोर इंग्रजांची चरित्रे लिहावीत, असे मनात आले. ते मनातच राहिले. जुन्या इंग्रज बखरकारांचे ग्रंथ संपादून छापण्याची योजना 1793 मध्ये आखली गेली. तीही पुढे सरकली नाही. दरम्यान, छापून झालेल्या ग्रंथाच्या स्वतःच्या प्रतीत तो समासात टिपा लिहीत होता. पतनाची मुळे आपण दाखवली त्याच्या आधी, नीरोनंतरच्या यादवीत किंवा त्याही मागे, शोधायला हवी होती, असे त्याला आता वाटत होते. 1776 मध्ये छापलेली सुरुवातच त्याला पुन्हा बदलायची होती.

आणि याच काळात तो आत्मवृत्त लिहीत होता. त्याचे त्याने सहा मसुदे केले. प्रत्येक वेळी नवी सुरुवात, नवा सूर. शेवटचा मसुदा तर तरुणपणापाशीच थांबतो. 16 जानेवारी 1794 रोजी गिबन वारला तेव्हा हे सगळे कागद तसेच पडून होते. मित्र लॉर्ड शेफिल्ड यांनी त्यांची सांधाजोड करून 1796 मध्ये एक आत्मचरित्र छापले. सहाही मसुदे वेगवेगळे छापायला आणखी शंभर वर्षे लागली. रोमचे सहा खंड ज्याने हातावेगळे केले, त्याला स्वतःचे काही पाने हातावेगळी करता आली नाहीत. ती मागायला दारात कोणी उभे नव्हते.

आपल्याकडचे एक उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहावे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड तडीस नेले. त्यासाठी मंडळी काढली, भागभांडवल उभे केले, वर्गणीदार मिळवले. एवढ्या मोठ्या कामानंतर त्यांनीही मागे वळून पाहिले : ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात ज्ञानकोश मंडळाचा इतिहास सांगितला. पण तो सांगून छापून मोकळे झाले. भागीदार आणि वर्गणीदार समोर होते. त्यांच्यापुढे हिशेब ठेवायचा तर त्याचे सहा मसुदे करून चालत नाही. शिवाय कोशाचे काम पुरते मिटण्याआधीच ते कादंबरीकडे वळले होते. ‘गोंडवनातील प्रियंवदा’, ‘ब्राह्मणकन्या’ अशा कादंबऱ्या आल्या, पुढे ‘प्राचीन महाराष्ट्र’ आले. त्या कादंबऱ्यांच्या कलागुणांवर टीका झाली आणि होते. मला ती बरीचशी पटते. तरी कोशकार कोशाच्या सावलीत बसून राहिला नाही, हे उरतेच. 1937 साली त्रेपन्नाव्या वर्षी ते गेले तेव्हाही त्यांचे लिहिणे चालूच होते.

दोन माणसांवरून नियम काढू नये. स्वभाव, प्रकृती, पैसा, मित्राचा मृत्यू, सगळ्याचा त्यात वाटा असतो. तरीही एवढे दिसते : हस्तलिखित पुरे लेखक करतो; ते त्याच्या हातून सोडवून घेतो तो वाट पाहणारा. आणि पुढचे काम आधीच्या कामाच्या मापाचे शोधत बसले, तर ते सहसा सापडत नाही.

हे सगळे मी शोधत बसलो, कारण माझ्या कपाटातही एक बाड आहे. त्याचे शेवटचे प्रकरण चार वर्षांपूर्वी संपले. त्यानंतर पहिले प्रकरण मी तीनदा लिहिले, आणि दर वेळी ते आधीच्याहून फक्त वेगळे झाले. आमच्यासारख्या, कोणत्याही संस्थेत नसलेल्या माणसांना मुदत घालून देणारे कोणी नसते; ती आपणच घालायची आणि दुसऱ्या कोणाला तरी सांगून ठेवायची. एका प्रकाशकाला मी तारीख दिली आहे. दिवाळीनंतरची. पुढच्या कामासाठी एक शंभर पानी वही आणली आहे. तिच्यात मावेल एवढेच करायचे ठरवले आहे, आणि पहिली टिपणे आजच काढली आहेत.